शी फक्त डायपरमध्येच, कमोडवर नाही (ऑटिझम, वय साडेपाच)

चिंचबोरं

मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं आहे. स्वतःचे पाच-सहा शब्द आहेत, बाकी आपण बोललेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतो. बाथरूममध्ये नेलं की निम्म्या वेळा शू होते. शी मात्र डायपर लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही. डायपर आणून हातात देतो आणि पडद्यामागे उभा राहून करतो. मध्यंतरी डायपर एकदम बंद केला, तर चौथ्या दिवशी रडत-ओरडत खड्यासारखी शी झाली. आता बाथरूमच्या उंबऱ्यापाशीच अडतो. वीस-वीस मिनिटं बसवणं, मोबाईल देणं, रागावणं, सगळं करून झालं. फ्लशच्या आवाजाने कान झाकतो. खाणं म्हणजे भात, बटाटा, बिस्किटं आणि दिवसाला चार ग्लास दूध. जूनमध्ये शाळा आहे. सुरुवात कुठून करायची?

रानजाई

बाथरूमपासून नको, पोटापासून करा. चार दिवस अडून खडा होणं ही बद्धकोष्ठता आहे, आणि ती असेपर्यंत कुठलंही ट्रेनिंग चालत नाही. शी दाबून धरली की मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं. खडा वाढतो, बाहेर पडताना दुखतं, म्हणून पुढच्या वेळी मूल आणखी घट्ट धरतं. असं बरेच दिवस चाललं की गुदाशय ताणला जातो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग दिवसभर चड्डीला पातळ डाग पडायला लागतात. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, म्हणून शी मऊ करायचं औषध थांबवतात. खरं तर तो अडकलेल्या खड्याच्या कडेने झिरपणारा मळ असतो.

बालरोगतज्ज्ञांना आधी दाखवा. बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर नाहीतर लॅक्ट्युलोज देतील, दोन्ही शी मऊ करणारी औषधं. डोस वजनावर आणि किती साठलंय त्यावर ठरतो, तो अंदाजाने घेऊ नका. पावडर बिनचवीची मिळते का विचारा, कारण संत्र्याच्या वासाचं पाणी असं मूल तोंडालाही लावणार नाही. दोन दिवस शी मऊ झाली की औषध बंद करणारी घरं खूप आहेत. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला महिने लागतात, तोवर डॉक्टर सांगतील तसंच चालू ठेवा.

दूध हळूहळू ४००–५०० मिलीवर आणा. दुधाने पोट भरतं, बाकी अन्नाला जागा उरत नाही आणि लोहही कमी पडतं. ग्लास तोच ठेवा, फक्त भरताना दर दोन-तीन दिवसांनी बोटभर कमी. ग्लास बदललात तर दूधच सुटेल. आवडीच्या भातात भाजी लपवू नका. त्याला ती हमखास कळते आणि मग भातही जातो. वेगळ्या वाटीत पपईची एक फोड शेजारी ठेवा, खाल्ली नाही तरी चालेल. इसबगोल मनाने सुरू करू नका, पाणी कमी पिणाऱ्या मुलाला त्याने उलट जास्त अडतं.

पोट टम्म फुगणं, उलट्या, शीमध्ये रक्त किंवा वजन घटणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

ढगवेडा

रानजाईंनी सांगितलेलं सुरू करून दोन-तीन आठवडे रोज मऊ शी झाली की पुढचं. तोवर डायपर मागेल तेव्हा द्या, अजिबात अडवू नका.

त्याच्या दृष्टीने शी म्हणजे तीन गोष्टी: कमरेभोवती डायपरचा दाब, उभं राहणं आणि पडद्यामागचा आडोसा. आपण एका दिवसात तिन्ही काढून घेतो. म्हणून एका वेळी एकच बदला. पहिल्यांदा फक्त जागा: डायपर मिळेल, पण बाथरूममध्ये. उंबऱ्यावरच अडत असेल तर आधी दाराबाहेर, मग दारात, मग आत. पडदा हवा असेल तर तिथे पडदा लावा, त्यात काही बिघडत नाही. हे सहज जमलं की डायपर लावूनच कमोडच्या बंद झाकणावर बसायचं. त्यानंतर झाकण उघडून, छोटी सीट लावून, डायपर तसाच. मग डायपरच्या तळाला रुपयाएवढं भोक पाडायचं आणि दर तीन-चार वेळांनी ते मोठं करत न्यायचं. शी भांड्यात पडायला लागते पण कमरेचा दाब तोच राहतो. शेवटी नुसता कमरपट्टा उरतो, तो एक दिवस सैल करायचा.

भोकाबाबत एक भानगड आहे. कापलं की आतल्या जेलचे दाणे बाहेर येऊन अंगाला चिकटतात, आणि ज्याला ओलं-चिकट सहन होत नाही तो तिथेच बिथरतो. लावायच्या आधीच कापा आणि कडेने औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी फिरवा.

प्रत्येक पायरी सलग चार-पाच वेळा शांतपणे झाल्याशिवाय पुढे सरकू नका. दोन दिवस शी धरून ठेवली तर मुकाट एक पायरी मागे या.

बसणं पाच मिनिटं, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. वीस मिनिटं म्हणजे शिक्षाच झाली. कमोड साधारण १६ इंच उंच असतो, या वयात पाय लोंबकळतात आणि लोंबकळत्या पायांनी जोर लावता येत नाही. ७ ते ९ इंचांचा न घसरणारा पाट किंवा स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. फ्लश तो बाहेर गेल्यावर ओढा. जेटचं गार पाणी अचानक अंगावर सोडू नका, मगात कोमट घ्या.

सावली

वरच्या दोघांनी शब्दांचं सोडलं. तो वाक्य परत म्हणतो, म्हणून "शी आली का?" विचारू नका. तोही "शी आली का" असंच म्हणेल आणि ते हो आहे की नाही, कुणालाच कळणार नाही. जे त्याच्या तोंडी हवं तेच आपण म्हणायचं: त्याला घेऊन जाताना "शीला जायचंय". घरात आजीची शी, बाबांचं टॉयलेट, ताईंचं पॉटी असं चालत असेल तर एकच शब्द ठरवून फ्रिजवर लिहून लावा.

शब्दासोबत कार्ड. कार्टूनचं चित्र नको, तुमच्याच कमोडचा फोटो काढून पोस्टकार्डाएवढा छापा आणि लॅमिनेट करा. डायपर हातात आणून देतो ना, म्हणजे मागणं त्याला येतंच! डायपर जिथे ठेवता तिथेच ते कार्ड टांगा. डायपर आणला की त्याच्या दुसऱ्या हातात कार्ड द्यायचं, ते त्याच्याकडून आपण घ्यायचं, "शीला जायचंय" म्हणायचं आणि लगेच निघायचं.

बक्षीस दोन-तीन सेकंदांत मिळायला हवं, आणि ते बाथरूमखेरीज कुठेच मिळता कामा नये. साबणाचे फुगे त्याला आवडत असतील तर ती बाटली बाथरूमच्या वरच्या फळीवर. मोबाईल नको. तो बघताना पोटाकडचं लक्षच उडतं, आणि काढून घेताना वेगळं रामायण.

चिंचबोरं

तिघांचे आभार. अजून तीन शंका. शी अडली की सासूबाई विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावतात, कधी साबणाची कांडी. चालतं का? गावी उकिडवं बसायचा संडास आहे, तिथूनच सुरुवात केली तर? आणि रात्रीचा डायपर?

रानजाई

देठ आणि साबण दोन्ही बंद. साबणाने आतली नाजूक त्वचा जळजळते, आणि ज्याला साधं नखं कापतानाचं धरणंही सोसत नाही त्याला तिथे कुणी हात लावणं म्हणजे भीती दुप्पट. सासूबाईंना नुसतं नको म्हणू नका, त्यांचीही मदत हवीच आहे. जेवणानंतरच्या वेळेचा हिशेब आणि वहीत रोजची नोंद (किती वाजता, खडा की मऊ, कुठे) त्यांच्याकडे सोपवा. डॉक्टरांनाही तीच वही लागते.

ढगवेडा

उकिडवं बसणं शी होण्यासाठी उत्तमच, पण शाळेत जे आहे त्यावर शिकवा. आधी जाऊन बघून या, फोटो काढा आणि त्याचंही कार्ड करा. घरी एक आणि शाळेत दुसरं असेल तर घरचं पक्कं झाल्यावर शाळेचं.

रात्रीच्या डायपरला सध्या हात लावू नका. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीर तयार झालं की येतं. फक्त तो झोपायच्या अगदी आधी लावा आणि उठल्या-उठल्या काढा, नाहीतर सकाळची शी त्यातच उरकायची सवय लागते.