फेनिटॉइनचा डोस १०० मिग्रॅने वाढवला, लेव्हल चौपट कशी?

निशिगंध:
प्रौढ रुग्ण, वजन ६० किलो, फिट्ससाठी रोज ३०० मिग्रॅ फेनिटॉइन. रक्तातली लेव्हल लिटरला ८ मिग्रॅ आली म्हणून डोस ४०० केला. त्रैराशिकाने ११च्या आसपास यायला हवी होती, तीन आठवड्यांनी ३२ आली. दुसरं कुठलंही औषध सुरू नाही. लॅबची चूक धरायची का?

पलाश:
लॅबला दोष देण्याआधी गणित बघा. फेनिटॉइन मोडणारं यकृतातलं एन्झाइम, मुख्यतः सीवायपी२सी९, नेहमीच्या डोसलाच जवळपास पूर्ण क्षमतेने राबत असतं. पुढचा प्रत्येक मिलिग्रॅम साचत जातो.

स्थिर लेव्हल = केएम × रोजचा डोस ÷ (व्हीमॅक्स − रोजचा डोस)

व्हीमॅक्स म्हणजे एन्झाइम दिवसाला जास्तीत जास्त जेवढं औषध मोडू शकतं ते. ज्या लेव्हलला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ती केएम. प्रौढांत साधारण ४ धरतात. ३०० ला ८, म्हणजे व्हीमॅक्स रोजचे ४५० मिग्रॅ. आता डोस बदलून पाहा: ३३० ला ११, ३५० ला १४, ३७५ ला २० आणि ४०० ला थेट ३२. ४५० दिले असते तर लेव्हल कुठे थांबलीच नसती. १० ते २० या नेहमीच्या योग्य लेव्हलमध्ये राहायचं असेल तर ८ वरून ३० ते ५० मिग्रॅचीच पायरी हवी. केएम आणि व्हीमॅक्स माणसागणिक बदलतात. एन्झाइमचा जनुकीय प्रकार मंद असेल तर ३०० सुद्धा जास्त होतात.

टाकणखार:
मला मुळात त्या पहिल्या ८ चीच शंका येते. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती होतं? जवळपास ९० टक्के फेनिटॉइन त्याला चिकटलेलं असतं, काम करतं ते उरलेलं मोकळं. लॅब मात्र दोन्हींची बेरीज देते. अल्ब्युमिन २ ग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर ८ ÷ (०.२ × २ + ०.१) = १६, म्हणजे डोस वाढवायची गरजच नव्हती! डायलिसिसच्या रुग्णाला हे सूत्र जसंच्या तसं लावू नका. शक्य असेल तिथे मोकळं फेनिटॉइनच मोजून घ्या, ते लिटरला १ ते २ मिग्रॅ हवं.

निशिगंध:
अल्ब्युमिन ४.१. रक्त सकाळच्या डोसआधी घेतलेलं. डोळे थरथरतात, चालताना तोल जातो.

पलाश:
अल्ब्युमिन नीट आहे, रक्तही योग्य वेळी घेतलेलं, मग ३२ खरीच आहे. डोळ्यांची थरथर साधारण २० च्या वर, तोल जाणं ३० च्या वर दिसतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवा, डोस थांबवायचा निर्णय त्यांचा. वरच्याच आकड्यांनी डोस बंद ठेवल्यावर १५ ला यायला पावणेदोन दिवस लागतील, पण अंदाजावर न राहता रोज लेव्हल करा. पुन्हा सुरू करताना ३५० पुरेत. आणि कॅप्सूलऐवजी सस्पेन्शन (बाटलीतलं पातळ औषध) देऊ नका: कॅप्सूलमध्ये सोडियम क्षार असतो, त्याच्या १०० मिग्रॅमध्ये ९२ मिग्रॅच फेनिटॉइन, सस्पेन्शनमध्ये पूर्ण १००. आकडा तोच राहतो, डोस मात्र ८ टक्क्यांहून जास्त वाढतो.

टाकणखार:
सस्पेन्शन द्यावंच लागलं तर बाटली दर वेळी नीट हलवा. औषध तळाशी बसतं. सुरुवातीचे डोस पातळ पडतात, शेवटचे जहाल.