अनुभव धागा: हातानं लिहिलेले गेटर-सेटर

विश्रामबागकर
काल माळा आवरताना एक शंभर पानी वही सापडली आणि मी तिथंच शिडीवर बसून राहिले. आत पेन्सिलनं लिहिलेला जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला क्लास, म्हणजे माहिती ठेवायचा साचा! 2006 साली सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी शेतकऱ्याची हिशोबपट्टी छापायचं सॉफ्टवेअर केलं होतं, त्यातला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई... आज मोजली, 31 फील्ड. प्रत्येकाला आतली माहिती वाचून देणारा एक गेटर, ती भरणारा एक सेटर, म्हणजे 62 मेथड (छोटी फंक्शनं). दुकानात कॉम्प्युटर एकच, तोही सौदे उरकल्यावर मिळायचा, म्हणून आधी वहीत लिहायचे आणि मग नोटपॅडात उतरवायचे.

तोलाईचा सेटर हमालीवरून कॉपी केला आणि आतलं नाव बदलायचं राहिलं. तोलाई भरली की ती हमालीच्या जागी जाऊन बसायची आणि तोलाई शून्य. कोड तपासणारा कंपायलर गप्प. चूक पकडली ती तासगावकडच्या एका शेतकऱ्यानं. पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, तोलाई कापलीच न्हाई की. माझ्याकडं पैसं जास्त आल्यात." तो माणूस अजून डोळ्यांपुढं आहे.

वर्षभरानं एका मैत्रिणीनं एक्लिप्स हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर दाखवलं. राइट क्लिक, सोर्स, जनरेट गेटर्स अँड सेटर्स, सगळ्यांवर टिक, ओके. माझ्या तीन दिवसांचं काम डोळ्यांदेखत झालं. तुमचं कसं होतं? लिहा सगळ्यांनी.

कंदीपेढा
त्याचाच शॉर्टकट: आल्ट शिफ्ट एस, मग आर. बोटांना अजून पाठ आहे 🙂

कोयनाकाठ
माझं उलट. कराडला प्रॅक्टिकल, सेटरमध्ये पॅरामीटरचं नाव आणि फील्डचं नाव एकच, आणि मी लिहिलं नाव = नाव. फील्ड दाखवणारं धिस डॉट पुढं लावायचं विसरलो. प्रोग्रॅम चालला, आउटपुट नल, म्हणजे रिकामं. अख्खा तास गेला. तेव्हापासून धिस म्हणजे काय ते मला कुणी विचारावंच लागत नाही, मीच सांगत सुटतो.

हळदपोतं
लोंबोक वापरता का कुणी, गेटर-सेटर आपोआप बनवणारी जावाची लायब्ररी? क्लासवर ॲट डेटा ही खूण लिहिली की कंपाइल होतानाच सगळं तयार, फाइलमध्ये एक ओळ जास्त दिसत नाही. लोंबोक हे जावा बेटाच्या पूर्वेला, बालीपलीकडचं बेट, आणि जावानीज भाषेत लोंबोक म्हणजे मिरची.

कंदीपेढा
@हळदपोतं म्हणजे हळद तुमची, मिरची त्यांची. आता मीठ कोण आणतंय?

यवतेश्वर
त्या मिरचीनं ठसका लागलाय मला. शेतकरी क्लासमध्ये पट्ट्यांची यादी, पट्टीत परत शेतकरी, दोन्हींवर ॲट डेटा. ते टू-स्ट्रिंगसुद्धा, म्हणजे सगळी माहिती मजकूर करून देणारी मेथडसुद्धा, आपणहून बनवतं. लॉगमध्ये शेतकरी छापायला गेलं की तो पट्टीला विचारणार, पट्टी परत शेतकऱ्याला, असं फिरत राहून शेवटी प्रोग्रॅम कोसळणार, स्टॅक ओव्हरफ्लो. एका बाजूला टू-स्ट्रिंगमधून वगळायची खूण केली तेव्हा थांबलं. आता डेटाबेसच्या क्लासवर फक्त ॲट गेटर. बाकी नंतर, कुकरची तिसरी झाली.

राजवाडा_चौक
सी शार्पवाल्यांनी 2007 लाच सुटका करून घेतली, कंसात गेट सेट लिहिलं की झालं. रुबी भाषेत तर ॲट्र ॲक्सेसर एवढंच लिहायचं.

माहुली
मला थोडं वेगळं म्हणायचंय. मशीन देतंय म्हणून सगळ्यांवर टिक करू नका हो. साताऱ्यात एका पतसंस्थेचं काम होतं. खातं क्लासमध्ये शिल्लक फील्ड, आणि सवयीनं तिलाही सेटर काढलेला, मीच काढलेला. दीड वर्षानं नव्या मुलानं व्याज जमा करताना सरळ सेट-शिल्लक वापरलं. शिल्लक वाढली, व्यवहाराची नोंद नाही. मार्चअखेर, खतावणी जुळेना, रात्री अकरापर्यंत आम्ही चौघं एकेक पासबुक लावत बसलो. त्या पोराची काय चूक? दार उघडं मीच ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी तो सेटर उडवला. आता जमा आणि नावे अशा दोनच मेथड, शिल्लक त्यांच्यातूनच बदलते आणि नोंद आपोआप पडते. गेटर काढायला माझी ना नाही, सेटर मात्र एकेक विचार करूनच.

विश्रामबागकर
@माहुली दादा, जमा आणि नावे! आपल्या वहीखात्यात हे कधीपासून आहे, आणि मी 31 सेटर लिहिताना एकदाही सुचलं नाही.

कोयनाकाठ
+1. नवीन जावात रेकॉर्ड आहेत की, एकदा भरले की न बदलणारे क्लास, जावा 16 पासून पक्के, 2021. सेटरच नाही, आणि गेटरला गेटसुद्धा लावत नाहीत, नुसतं नाव.

शिकवणी
मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पाच फील्डचे हातानंच लिहायला लावते. मुलं कुरकुरतात. एकदा धिस चुकलं की मग बटण दाखवते. कोयनाकाठ, तुमचा किस्सा उद्या वर्गात सांगू का?

कोयनाकाठ
खुशाल सांगा मॅडम.

हळदपोतं
यार्डात कुणी जाऊन आलंय का या आठवड्यात? राजापुरी हळदीला काय दर चाललाय? भाऊ पोती घेऊन येतोय.

कंदीपेढा
ताई, त्या पानाचा फोटो टाका ना. तोलाईचं पान.

विश्रामबागकर
टाकते संध्याकाळी. आईनं वही रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली होती, आत्ताच सोडवून घेतली.