रविवारचा एकच भाग आपल्याला खरोखर काही देत होता का?

मूळ मांडणी (परभणी)

आजच्या मुलांना हवे ते कार्टून हवे तेव्हा पाहता येते, म्हणून ती आपल्यापेक्षा भाग्यवान आहेत, असे परवा एका मित्राने म्हटले आणि मला ते अजिबात पटले नाही. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा आठवड्याला एकच भाग मिळत असे. माळवदावर चढलेला भाऊ अँटेना अंबाजोगाईच्या टॉवरकडे फिरवी आणि खालून आम्ही ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडत असू. ऐन वेळी वीज गेली, तर काका ट्रॅक्टरची बॅटरी खोलून आणत आणि तिचे चिमटे आमच्या छोट्या ब्लॅक-अँड-व्हाइट संचाला लावत. भाग संपला की पुढचे सहा दिवस ती गोष्ट आमची असे. शेरखान कोण होणार यावरून भांडणे होत आणि मोगलीच्या बूमरँगसाठी बाभळीचा वाकडा तुकडा शोधण्यात अख्खी दुपार जाई. वाट पाहण्यामुळेच मुले गोष्ट मनात घोळवत होती, असे माझे ठाम मत आहे. शिवाय त्या मालिका आपल्या मातीतल्या होत्या आणि त्यांत मारामारीचा सोस नव्हता.

प्रतिसाद (सेलू)

दादा, संच आपल्या घरी होता, म्हणून ही आठवण आपल्याला गोड वाटते. आम्ही पाच-सहा जणी शेजारच्या घराच्या खिडकीचे गज धरून उभ्या राहत असू. त्या घरी पाहुणे आले की खिडकी लावून घेतली जाई आणि पुढे काय झाले ते सोमवारी शाळेत मुलांकडून ऐकावे लागे. रविवारची सकाळ म्हणजे आम्हा मुलींसाठी धुण्याचा आणि दळणाचा वेळ होता, त्यामुळे कित्येक भागांचा शेवट मी आजतागायत पाहिलेला नाही. माझी मुलगी आता माझ्या शेजारी बसून मोबाइलवर कार्टून पाहते, मध्येच थांबवते, ‘आई, तो असं का वागला?’ असे विचारते आणि तोच प्रसंग पुन्हा लावते. गोष्ट मनात घोळवणे यापेक्षा वेगळे काय असते? आपण जिला वाट पाहणे म्हणता, ती आमच्यासाठी निव्वळ टंचाई होती.

प्रतिसाद (नांदेड)

‘आपल्या मातीतल्या’ या शब्दांना माझा आक्षेप आहे. ‘जंगल बुक’ ही निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ साली तयार केलेली ५२ भागांची मालिका होती आणि मूळ कथा किपलिंग यांची, म्हणजे इंग्रजी. त्यात आपले जे होते ते गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांची चाल आणि शेरखानला मिळालेला नाना पाटेकर यांचा आवाज. मारामारीचे म्हणाल, तर ‘टॉम अँड जेरी’ १९४० पासूनचे आहे आणि हातोडा, तवा व सुरुंग यांशिवाय त्याचे पान हलत नाही.

प्रतिसाद (लातूर, प्राथमिक शिक्षिका)

नांदेडच्या सरांनी सांगितलेल्या गोष्टीतच माझ्या मते खरा मुद्दा आहे. चांगले गीत आणि चांगले आवाज लाभले की जपानी मोगलीसुद्धा आपल्या अंगणातला होतो, पण तो झाला हिंदीत. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा सुंदर बोधपटही आमच्या पिढीला हिंदीतूनच पाठ आहे. मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होते, ‘गोट्या’ होती, पण कार्टून म्हटले की हिंदीच, आणि माझ्या दुसरीच्या वर्गात आजही मुले भांडताना डोरेमॉनच्या हिंदीत भांडतात. आठवड्याला एक भाग असो की दिवसाला दहा, मराठी मुलाला मराठीतून बोलणारा वाघ मिळाला का, याची मला अधिक काळजी वाटते.

मूळ लेखक (परभणी)

ताई, आमच्याही घराला खिडकी होती आणि तिच्याबाहेर मुले उभी असत. त्यांच्यात मुली किती होत्या, हे मला आठवत नाही आणि आपला प्रतिसाद वाचल्यापासून तेच बोचते आहे. ‘आपल्या मातीतल्या’ हे शब्द मी मागे घेतो. वाट पाहण्याबद्दलचे मत मात्र सोडवत नाही, कारण बाभळीचा तो तुकडा माझ्याकडे अजून आहे आणि माझ्या मुलाने काल तो हातात घेऊन ‘हे कशाचं आहे?’ असे विचारले. मी त्याला मोगलीची पूर्ण गोष्ट मराठीतून सांगितली आणि त्याने मध्ये एकदाही मोबाइल मागितला नाही.