मदत हवी आहे: सगळं इलेक्ट्रिक सीटखाली नेलं, आता गाडी बाहेर काढली की फ्यूज उडतो

तिसरा_गिअर
कोणीतरी लवकर सांगा, पूर्ण अडकलोय. कॅफे रेसर (जुन्या गाडीची सडपातळ, रेसच्या धर्तीची गाडी) बनवतोय, फ्रेमचं मागचं टोक कापून छोटा लूप वेल्ड केलाय. फ्रेमचा मधला त्रिकोण आरपार मोकळा दिसायला हवा म्हणून बॅटरी, स्टार्टर रिले, फ्यूज, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा), इग्निशनचा डबा सगळं उचलून मागे सीटखाली पत्र्याच्या ट्रेमध्ये बसवलं. गॅरेजमध्ये बटण दाबलं की गाडी चालू होते, आयडलला कितीही वेळ सोडा काही होत नाही, लाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळं चालतं. बाहेर काढली की थोड्या अंतरावर फ्यूज उडतो आणि गाडी जागेवर बंद. नवा टाकला की परत तेच. वायरिंग मी स्वतः केलंय आणि तपासून झालंय, त्यामुळे ते सोडून दुसरं काय असू शकतं ते सांगा. मोठा फ्यूज टाकला तर चालेल का?

तांब्याची_तार
मोठा फ्यूज अजिबात टाकू नका. फ्यूज वायर वाचवायला असतो. समजा २० च्या जागी ३० किंवा ४० टाकलात तर फ्यूज टिकेल आणि वायर जळेल, आणि तुमची वायर आता सीटच्या फोमखाली आहे. आता हे सांगा: गाडी कोणती, साल कोणतं, फ्यूज किती अँपिअरचा, एकच आहे की प्रत्येक लाइनला वेगळा, बॅटरी कसली, आणि उडतो तो नेमका कधी? रेस वाढवल्यावर, ब्रेक मारल्यावर, हँडल वळवल्यावर की खड्ड्यात? "बाहेर काढली की" यातून काही कळत नाही.

थंड_हवा
रेक्टिफायर (अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा, रेग्युलेटरसोबतचा डबा) कुठे लावलाय ते आधी सांग. सीटखाली कोंबला असशील तर विषय तिथेच संपला. शंट टाइपचा रेग्युलेटर जास्तीची वीज उष्णता करून टाकतो, त्याला वारा लागतोच. बंद ट्रेमध्ये तो भाजून निघणार. आयडलला ठीक आणि चालवताना त्रास, हे त्याचंच लक्षण. समोर फ्रेमच्या नळीवर नाहीतर स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्हटजवळ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसव.

किकवाला
गाडीला किक आहे का? असेल तर सेल्फ काढूनच टाक. स्टार्टर मोटर गेली, जाडी केबल गेली, रिले गेला, बॅटरी अर्ध्या आकाराची चालते. सीटखाली एवढं सामान कोंबायची वेळच येत नाही. मी माझ्या गाडीचं तेच केलं आणि आजवर कधी अडलं नाही.

तिसरा_गिअर
गाडी यामाहा एक्सएस ६५०, १९८० ची, टीसीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली. किक आहे पण सेल्फ काढणार नाही, तो विचार करून ठेवलाय. बॅटरी एजीएम, आडवी झोपवून बसवली आहे. फ्यूज २० चा. रेक्टिफायर ट्रेच्या खालच्या बाजूला, बाहेरून. प्लीज उत्तर द्या, रविवारी गाडी न्यायची आहे.

जुना_ट्विन
बॅटरी आडवी?? ॲसिड सांडेल. चेनवर, फ्रेमवर सगळीकडे जाईल आणि रंग उडवेल. आधी ती सरळ करा.

रिंगपाना
काका, त्यांनी एजीएम लिहिलंय. त्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, आडवी चालते, फक्त उलटी करू नये. पाणी भरायची साधी बॅटरी असती तर तुमचं बरोबर होतं, तिला व्हेंटची नळीसुद्धा लागते.

आणि थंड_हवा, ही गाडी शंट टाइप नाहीये. एक्सएस ६५० च्या अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नसतं, रोटरमध्ये कॉइल असते आणि ब्रशमधून तिला करंट जातो. रेग्युलेटर त्या कॉइलचा करंट कमी-जास्त करतो, जास्तीची वीज जाळत बसत नाही. डायोड गरम होतात, त्यामुळे हवा लागते हे खरं, पण तुम्ही म्हणताय तशी भट्टी इथे होत नाही.

थंड_हवा
डायोड गरम होतात हे तुम्हीच मान्य करताय. मग डायोड शॉर्ट झाला तर फ्यूज उडणार नाही का?

रिंगपाना
दोन्ही बाजूंचे डायोड शॉर्ट झाले तर उडेल. पण असा शॉर्ट गाडी बाहेर काढायची वाट बघत नाही, फ्यूज टाकल्या टाकल्या उडवेल. यांची गाडी आयडलला चालू राहतेय. हा येऊन-जाऊन होणारा शॉर्ट आहे, काहीतरी हलतंय आणि लागतंय.

उजेड
इंडिकेटर एलईडी लावलेत का? एलईडी लावले की ते नीट लुकलुकत नाहीत कारण जुन्या फ्लॅशरला पूर्ण लोड मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका, नाहीतर समांतर रेझिस्टर लावा. रेझिस्टर तापतो, तो प्लॅस्टिकला टेकवू नका.

तिसरा_गिअर
इंडिकेटर नीट चालतात, त्याबद्दल विचारलंच नाहीये. फ्यूज उडतोय फ्यूज.

तांब्याची_तार
माझे दोन प्रश्न राहिलेच. मूळच्या गाडीला मेन २० चा आणि हेडलाइट, सिग्नल, इग्निशनला वेगवेगळे फ्यूज येतात. ते ठेवलेत का? आणि उडतो कधी?

तिसरा_गिअर
जुना फ्यूजबॉक्स काढला, जागा नव्हती. एकच ब्लेड फ्यूज आहे, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ. उडतो कधी ते सांगणं अवघड आहे, कधी लगेच, कधी थोड्या वेळाने. रस्ता खराब असला की हमखास.

तांब्याची_तार
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. खराब रस्ता म्हणजे मागचं सस्पेन्शन. लूप कापून छोटा केलात, खाली ट्रे लटकवला, आता चाक वर आलं की टायर ट्रेला किंवा वायरीला लागतोय. स्टँडवर उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही. दोन्ही शॉकअब काढा, चाक हाताने वर उचला, जेवढं वर जाऊ शकतं तेवढं, म्हणजे शॉकअब पूर्ण दाबला गेल्यावर जिथे येईल तिथपर्यंत, आणि बघा कुठे टेकतंय. कस्टम बिल्डमध्ये वेल्डिंग करण्याआधी हे करायचं असतं. टायर आणि ट्रेमध्ये निदान २५ मिलिमीटर ठेवा.

बोबर_बिल्डर
किंवा सीटचा पत्रा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला टेकतोय. माणूस बसला की सीट वाकते. टर्मिनलवर रबरी टोपी आहे का? नसेल तर तेच आहे, मी पैजेवर सांगतो.

तांब्याची_तार
टर्मिनल टेकलं तर फ्यूज उडणार नाही. टर्मिनल फ्यूजच्या अलीकडे आहे. तो करंट फ्यूजमधून जातच नाही, सरळ बॅटरीतून फ्रेममध्ये. ठिणग्या पडतील, पत्रा वितळेल, सीट पेटेल आणि फ्यूज जसाच्या तसा राहील. टोपी लावायलाच हवी, पण फ्यूज उडतोय म्हणजे शॉर्ट फ्यूजच्या पलीकडे आहे.

बोबर_बिल्डर
मान्य, टर्मिनल नसेल. पण सीट वाकते हे मी सोडत नाही. टायर लागला असता तर घासल्याचा आवाज आला असता, रबराचा वास आला असता. तो म्हणतोय गॅरेजमध्ये काही होत नाही. भावा, गॅरेजमध्ये चालू करतोस तेव्हा तू गाडीवर बसलेला असतोस का?

तिसरा_गिअर
नाही, बाजूला उभा राहून करतो. बसून काय फरक पडणार?

रिंगपाना
तोच फरक असू शकतो. दोघांचं भांडण एका बल्बने मिटेल, नवे फ्यूज जाळू नका. ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याच्या दोन वायरी फ्यूजच्या जागी होल्डरमध्ये लावा. आता कितीही मोठा शॉर्ट झाला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही आणि शॉर्ट झाला की बल्ब पूर्ण पेटेल. हेडलाइटचं कनेक्टर काढा, टीसीआयचं काढा, आणि रेग्युलेटरचंही काढा, हे विसरू नका, कारण या गाडीत किल्ली फिरवली की इंजिन बंद असतानाही रोटरच्या कॉइलमधून करंट वाहतो, रोटर पाचेक ओहमचा असतो म्हणजे दोन अँपिअरच्या वर, बल्ब उगाच पेटलेला दिसेल आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसाल. हे सगळं काढल्यावर किल्ली फिरवा, बल्ब विझलेला किंवा अगदी मंद हवा. मग सीटवर दाबा, हँडल वळवा, वायरीचा जुडगा एकेका ठिकाणी हलवा, चाक उचला. बल्ब जिथे पेटेल तिथे शॉर्ट.

जुना_ट्विन
ही पद्धत उत्तम आहे ताई, आम्ही मीटर हातात नव्हता तेव्हा असंच शोधायचो. एक विचारतो, लूप वेल्ड करताना टीसीआय आणि बॅटरी सोडवली होती का? वेल्डिंगचा करंट त्यातून गेला तर डबा निकामी होतो.

तिसरा_गिअर
लूप वेल्ड झाला तेव्हा गाडीवर काहीच नव्हतं, नुसती फ्रेम होती. बल्ब आणतो.

किकवाला
तोपर्यंत लिथियमचा विचार कर, मुठीएवढी बॅटरी आणि निम्म्याहून कमी वजन.

रिंगपाना
आत्ता नको. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलना मिळून १४.६ व्होल्ट ही मर्यादा आहे. जुना रेग्युलेटर १५ दाखवत असेल तर एजीएम काही दिवस सहन करेल, लिथियम नाही. आधी चार्जिंग मोजा, मग बॅटरी बदला.

किकवाला
माझ्याकडे चालतेय.

रिंगपाना
तुमच्याकडे चार्जिंग किती मोजलंत?

तिसरा_गिअर
सापडलं. सांगितलं तसं सगळं कनेक्टर काढून बल्ब लावला, किल्ली फिरवली, विझलेला. हँडल वळवलं, काही नाही. शॉकअब काढून चाक उचललं, काही नाही. मग सीट बसवून मागच्या डाव्या बाजूला तळहाताने दाबलं आणि बल्ब लख्ख पेटला, सोडलं की विझला. सीटच्या पत्र्याला जो बोल्ट आहे त्याचं टोक नटच्या खाली लांब राहिलंय आणि बसलं की ते बरोबर जुडग्यावर येतं, जुडगा ट्रेच्या कापलेल्या कडेवर दाबला जातो. टेप काढली तर फ्लॅशरला जाणारी तपकिरी वायर कडेच्या बाजूने सोललेली, तांब्याच्या दोन-तीन तारा तुटलेल्या आणि त्या जागी पत्र्यावर काळा ठिपका. वरून टेप एकदम चांगली दिसत होती, म्हणून तपासताना कळलं नाही.

बोबर_बिल्डर
सांगितलं होतं, सीट.

तांब्याची_तार
बरोबर होतात. टायरमधलं अंतर किती निघालं ते पण सांगा.

तिसरा_गिअर
चाक पूर्ण वर नेल्यावर टायर आणि रेक्टिफायरमध्ये जेमतेम एक बोट जातं.

तांब्याची_तार
मग ते काम राहिलंच आहे. मागे दुसरा माणूस बसला आणि खड्डा आला तर टायर रेक्टिफायरच्या पंखांवर जाईल. तो तिथून हलवा, थंड_हवा म्हणतात तसा पिव्हटजवळ किंवा समोर. त्यांचं कारण या गाडीला लागू नव्हतं पण जागा बरोबर सांगितली आहे.

थंड_हवा
धन्यवाद. आणि वायर लांबवताना डाक मारू नका, क्रिम्प करा (धातूची टोपी चेपून जोडा). डाक मारलेल्या जागी वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

जुना_ट्विन
चुकीचं आहे. नीट डाक मारून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली आणि जुडगा दोन्ही बाजूंनी बांधला तर वर्षानुवर्षं काही होत नाही. साध्या पक्कडीने चेपलेले क्रिम्प मी कितीतरी सुटलेले पाहिलेत.

थंड_हवा
साध्या पक्कडीने चेपायचे नसतातच, त्याला रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल येतं.

बोबर_बिल्डर
हे सगळं सोडा, मोटोगॅजेटचं एम-युनिट बसवा. एका डबीत सगळ्या लाइनचं संरक्षण, फ्लॅशर आतच, शॉर्ट झाला तर ती लाइन स्वतः बंद करते. एवढे फ्यूज आणि रिले सीटखाली ठेवायलाच नकोत.

रिंगपाना
छान वस्तू आहे, पण बोल्टचं टोक वायरीवर येत असेल तर ती लाइन तिथेही बंदच पडणार. आधी वायरीचा मार्ग सुधारा. बोल्ट कापा किंवा डोम नट (टोक झाकणारा गोल नट) लावा. जुडगा ट्रेच्या कडेवरून नेऊ नका, भोक पाडून त्यात ग्रोमेट (रबरी कडं) बसवून न्या. कडेला चिरलेली रबरी नळी चिकटवा. तुटलेल्या तारांवर टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा कापून नवीन जोडा. आणि सीट खाली वाकते तेवढी जागा बॅटरीच्या वर सोडा, टर्मिनलवर टोपी.

तिसरा_गिअर
हे सगळं करतो. पण फ्यूजबॉक्सला खरंच जागा नाहीये. एकच ठेवला तर काय बिघडतं? शॉर्ट तर काढला.

रिंगपाना
बिघडतं हे की मागच्या इंडिकेटरची वायर शॉर्ट झाली तरी इंजिन बंद, आणि रात्री हेडलाइटसुद्धा जातो. तुमच्याबाबतीत हेच होत होतं, शॉर्ट फ्लॅशरच्या वायरला आणि बंद पडत होती अख्खी गाडी. चार ब्लेड फ्यूजची डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी येते. मेन २० चा बॅटरीपासून जितका जवळ ठेवता येईल तितका, त्यानंतर हेडलाइट १०, इग्निशन १०, सिग्नल-हॉर्न-ब्रेक १०. जाडी केबल स्टार्टरला जाते ती या फ्यूजमधून जात नाही, त्यामुळे ती रिलेपासून मोटरपर्यंत पूर्ण नळीत घाला आणि स्विंगआर्मजवळून नेऊ नका.

तिसरा_गिअर
केबल आता मूळच्यापेक्षा लांब झाली आहे, सेल्फला त्याने फरक पडेल?

तांब्याची_तार
मोजून बघा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं स्टार्टर मोटरच्या बोल्टला, आणि बटण दाबा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर केबल ठीक. तसंच निगेटिव्ह आणि इंजिनच्या केसिंगमध्ये मोजा, आणि निगेटिव्ह फ्रेमला न लावता सरळ इंजिनला न्या, रंग लावलेल्या फ्रेमवर अर्थ नीट बसत नाही. जास्त आलं तर एक नंबर जाड केबल घ्या. रविवारपर्यंत झालं नाही तर गाडी रविवारी नेऊ नका, पुढच्या आठवड्यात न्या.