जिरोंदची खाडी आणि द्राक्षबागा: आईबाबांना झेपेल असं चालणं सुचवा

भिंगरी
मंडळी, सल्ला हवाय. मे अखेरीस आईबाबांना घेऊन फ्रान्सला चालले आहे, पॅरिस उरकलं की पाचसहा दिवस मोकळे आहेत आणि बाबांना बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसा असली ट्रिप नकोय, त्यांना चालायचंय. ते रोज पहाटे फिरणारे त्यामुळे दहाबारा किमी आरामात जातील, पण आईचा गुडघा उतारावर कुरकुरतो, ती पाचसहाच्या वर नको म्हणते. म्हणजे डोंगर बाद. बोर्डोच्या खाली जी जिरोंद खाडी आहे तिच्या काठाने पाणी आणि द्राक्षबागा दोन्ही बघत चालता येतं असं कळलंय. कुठल्या काठाला राहू? गाडी लागतेच का? आई शुद्ध शाकाहारी, आणि वाईन आमच्यात कोणीच पीत नाही (हसून घ्या).

खाडीकाठचा
ताई, डोळे मिटून उजव्या काठावरच्या ब्लाय गावाला राहा. सगळे मेदोक मेदोक (म्हणजे डावा काठ) करतात पण चालायला उजवा काठच भारी. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येतात तिथून समुद्रापर्यंत ही खाडी साधारण ७५ किमी, आणि ब्लाय पडतं वरच्या भागात, जिथे पलीकडचा काठ अजून नीट दिसतो. खाली मुखाकडे ती इतकी रुंद होते की समुद्रच वाटतो.

गावात वोबाँचा (सतराव्या शतकातला फ्रेंच राजाचा किल्ले बांधणारा इंजिनिअर) किल्ला आहे, २००८ पासून जागतिक वारशात. आत जायला तिकीट नाही, लोक राहतात, दुकानं आहेत, तटावरून नुसती चक्कर मारली तरी आईची संध्याकाळ मस्त जाईल. तिथे उभं राहिलं की मधल्या बेटावर एक बुटका गोल बुरूज दिसतो, तो फोर पाते, आणि समोरच्या काठाला फोर मेदोक. तेव्हाच्या तोफांचा मारा या काठावरून त्या काठापर्यंत पोचत नव्हता म्हणून बोर्डोकडे जाणारी जहाजं अडवायला तीन ठिकाणी किल्ले बांधले. बाबांना हे आवडणार बघ.

चालण्यासाठी ब्लायहून दक्षिणेला प्लासाक, चारेक किमी, गावात रोमन काळातल्या वाड्याचे अवशेष आणि मोझेकची फरशी आहे. तिथून पुढे गोरियाक, बायाँ करत बुर्गपर्यंत कॉर्निश म्हणतात तो काठाचा रस्ता जातो. एका बाजूला चुनखडीचा कडा, त्यात कोरलेल्या खोल्या, काही घरं तर अर्धी कड्याच्या पोटातच, आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पाण्यात बारीक खांबांवर लाकडी खोपट्या उभ्या असतात, त्यांना कारले म्हणतात (भाजीचा संबंध नाही), काठापासून खोपटीपर्यंत फळ्यांचा अरुंद पूल, पुढे कप्पीला टांगलेलं मोठं चौकोनी जाळं, ते खाली सोडायचं, थांबायचं आणि चाक फिरवून वर ओढायचं. कोणी ओढताना दिसलं तर थांबून बघा, घाई काय आहे.

पाणी मात्र निळं नाही हां, आधीच सांगतो, दुधाच्या चहासारखं दिसतं. नदीचा गाळ भरती-ओहोटीत पुढेमागे होत राहतो म्हणून. घाण नाहीये ते, पण पोहायचं नाही, ओढ जबरदस्त असते आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात पायही घालायचा नाही.

टांगेवाला
ब्लायला +१ पण मेदोकला इतकं झटकू नका राव. गाडी नसेल तर उलट तोच काठ सोयीचा, बोर्डोहून पोयाकपर्यंत लोकल ट्रेन जाते, मध्ये मार्गो स्टेशनपण आहे. पोयाकला उतरून उत्तरेला सँ-तेस्तेफकडे चालत जा. चढ म्हणजे नुसती टेकाडं, आणि ती टेकाडंच सगळा खेळ आहेत, नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची जमीन, पाणी ठरत नाही आणि दिवसा तापलेले गोटे रात्री ऊब देतात. तिकडे म्हणच आहे की ज्या वेलीला नदी दिसते तिची वाईन चांगली.

त्याच वाटेवर कॉस देस्तुर्नेल ही वाईनची वाडी लागते. वाईन पीत नसलात तरी बाहेरून बघाच कारण ते पॅगोडावाल्या राजवाड्यासारखं बांधलंय, वर पुन्हा हत्तीपण. मालक देस्तुर्नेल १९ व्या शतकात वाईन जहाजाने थेट भारतात पाठवायचा, आणि जी न खपता परत यायची ती 'इंडियाहून परत आलेली' म्हणून आणखी भाव खायची. याला म्हणतात धंदा.

खाडीकाठचा
टांगेवाले, मान्य, पण त्या काठाला मोठमोठ्या शातोंची (वाईनवाल्यांच्या वाड्यांची) फाटकं आणि डांबरी रस्ता जास्त, काठाची वाट तुकड्यातुकड्यात. एक दिवस ठेवा की. ब्लायहून लामार्कला फेरी जाते, गाड्या नेते आणि पायी माणसंही, वीसपंचवीस मिनिटं. उतरून चालत फोर मेदोक बघायचा आणि परत. फक्त वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं, आदल्या दिवशी बघा, शेवटची फेरी चुकली तर फिरून बोर्डोवरून यावं लागेल.

मांडवाखाली
आमच्या घरी द्राक्षं आहेत म्हणून एक सांगतो जे कोणी सांगणार नाही. मे अखेर म्हणजे तिकडे फुलोऱ्याच्या आसपासचा काळ, आणि फवारणी जोरात. डाऊनी आणि भुरी या वेलीवरच्या दोन बुरशींनी तिथेही शेतकऱ्याला झोपू दिलेलं नाही. ट्रॅक्टर फवारताना दिसला की वाऱ्याची दिशा बघून सरळ लांब व्हा, आणि ओळींमधून शॉर्टकट अजिबात मारू नका, ती कोणाचीतरी खाजगी जमीन असते. दोन बागांमधल्या बैलगाडीवाटेसारख्या वाटा असतात त्यावरून चाला. खुणा रंगवलेल्या असतात, पिवळी रेघ म्हणजे गावाभोवतीची छोटी फेरी, आईंसाठी तीच बघा. पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची, ब्लायवरून स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेकरूंची वाट जाते तिच्यावर ती दिसेल.

ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसेल, ते शोभेचं वाटतं पण पूर्वी ते राखणदार होतं, भुरी आधी गुलाबावर दिसायची आणि मग वेल सावरायला वेळ मिळायचा. बाबांना दाखवा.

आणि टोपी! आपल्याकडच्यासारखा डोक्यावर मांडव नसतो तिथे, वेली कमरेएवढ्याच, सावली शून्य.

भिंगरी
बाप रे, केवढं लिहिलंत, धन्स सगळ्यांना. मांडवाखाली, फवारणीचं खरंच डोक्यात नव्हतं. मग ब्लायला तळ पक्का. आता दोन शंका. आईच्या जेवणाचं काय, आणि बाबा एक दिवस सायकल म्हणतायत तर जमेल का?

पोळीभाजी
जेवणाचं मी सांगते. खाडीकाठच्या हॉटेलात अभिमानाची डिश म्हणजे ईल नाहीतर लाम्प्रे (ईलसारखाच लांबुळका जलचर), आणि लाम्प्रे शिजवतात तिच्याच रक्तात आणि रेड वाईनमध्ये, आईंना मेन्यू वाचून दाखवू नका, लोल. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, बाजारातून भाजी, चीज, ब्रेड. अंडं चालत नसेल तर कानले (बोर्डोचा छोटा केक) पण नको, त्यात पिवळा बलक आणि रम दोन्ही असतं. दुपारचं जेवण बारा ते दोन मध्येच, अडीचला गेलात तर कॉफीवर भागवा. आणि खेड्यातली बेकरी सोमवारी बंद असू शकते, चालायला निघताना पिशवीत काहीतरी असू द्याच.

खाडीकाठचा
सायकलचं जमेल. ब्लाय ते एतोलिये जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केलीय, १३ किमी, सपाट, गाड्या नाहीत. त्या बाजूला क्षितिजावर अणुवीज केंद्र दिसतं, फोटोत येतंच, इलाज नाही.

पाऊस आला तर बुर्गजवळ पेर-नाँ-पेर गुहा, १८८१ मध्ये सापडली, आत हिमयुगातल्या माणसांनी कोरलेले घोडे आणि मॅमथ, आणि नक्कल नाही, खरी गुहा. थोड्याच लोकांना एका वेळी सोडतात तेव्हा बुकिंग आधी करा. ब्लायपासून लांब आहे त्यामुळे त्या दिवसापुरती टॅक्सी किंवा गाडी बघावी लागेल. आणि कॉर्निशवर चालताना आईंना कड्याच्या बाजूला ठेवा, रस्ता अरुंद आहे, गाड्या वळणावर हळू होत नाहीत.