मदत हवी आहे: फ्लूट, चेलो, पियानो आणि लॅपटॉप यांचं जमवायचं कसं?

नमस्कार मंडळी. इथे पाश्चात्त्य संगीत वाजवणारे आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणारे बरेच जण आहेत, म्हणून थेट विचारते.

फ्लूट, चेलो आणि पियानो यांच्यासाठी साधारण १२ मिनिटांची रचना लिहिते आहे, सोबत इलेक्ट्रॉनिक भाग. वादक तिघेही पुण्यातले, तयारीचे, पण स्पीकरसोबत कधी न वाजवलेले. सभागृह शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं. इलेक्ट्रॉनिक भाग सध्या एकच सलग फाइल आहे. त्यातले बहुतेक आवाज याच वाद्यांवर काढलेले आहेत: चेलोची कुजबुज, फ्लूटच्या चाव्यांची टकटक, पियानोच्या तारा आतून घासून. मग ते ताणून, उलटे करून, एकावर एक रचून.

तालमीत फाइल लावली की तिघं तिच्यामागे धावायला लागतात. फ्लूटवालीला श्वास घ्यायचा असतो तिथे फाइल थांबत नाही. पियानोवाला शेवटचा सूर विरेपर्यंत थांबू पाहतो, तोवर पुढचा आवाज येऊन आदळतो. कानात क्लिक (ठोक्यांची टिकटिक) दिली तर वेळ जुळते, पण चेलोवाला म्हणतो, एक कान बंद असला की स्वतःचा सूर पक्का लागत नाही. चेलोला पडदे नसतात, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटतं. शिवाय क्लिकवर वाजवताना तिघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मग याला चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी एकमेकांना ऐकत वाजवायचं संगीत, म्हणायचं तरी कशाला?

या वाटेवरून थोर संगीतकार गेले आहेत हे ठाऊक आहे. ब्रूनो मादेर्नाने १९५२ मध्येच फ्लूट आणि टेप (आधीच मुद्रित केलेला आवाज) एकत्र आणले होते. श्टॉकहाउझेनच्या ‘कोन्टाक्टे’मध्ये (१९५८-६०) पियानो आणि तालवाद्यं वाजवणारे चार चॅनलच्या टेपबरोबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ चालतात, पण तशी घोटून तयारी करायला आमच्याकडे वेळ नाही. स्टीव्ह राइशचं ‘डिफरंट ट्रेन्स’ (१९८८) टेपला बांधलेलंच आहे, पण तिथे गाडीची लय हाच विषय, त्यामुळे बंधन खुपत नाही. माझ्या रचनेत लय सैल आहे. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते डेव्हिडॉव्हस्कीचं ‘सिंक्रोनिझम्स क्र. ६’ (१९७०). सुरुवातीलाच पियानोचा एक सूर धरलेला आहे आणि इलेक्ट्रॉनिक आवाज तोच सूर फुगवत नेतो. पियानोला जे कधीच जमणार नाही, ते पियानोच करतोय असं वाटतं!

तर प्रश्न असा, की फाइलचे तुकडे करून पायाच्या पेडलने सोडावेत, की सगळं थेट प्रक्रियेवर न्यावं, म्हणजे वाद्यांचा आवाज वाजतानाच संगणकाने बदलायचा? आणि दुसरी अडचण, माझ्या मते जास्त मोठी: सभागृहाच्या दोन बाजूंच्या स्पीकरमधून आवाज आला की वाद्यं एकीकडे आणि इलेक्ट्रॉनिक्स दुसरीकडे असं होतं. आवाज कमी केला तर तो ऐकूच येत नाही, वाढवला तर फ्लूटचा खालचा सप्तक बुडतो. जाणकारांनी कृपया सांगावं.

मंद्रसप्तक:
तुकडे करा, डोळे मिटून. संगीतकार सारिआहोच्या ‘नोआनोआ’त (१९९२) फ्लूटवादक स्वतःच पेडल दाबत पुढे जातो, ते स्वरलेखन मिळवून बघाच. मानुरीच्या ‘ज्युपिटर’मध्ये (१९८७) संगणक फ्लूट ऐकत मागोमाग येतो, पण ते पॅरिसच्या इर्कामसारख्या संगीत-संशोधन संस्थेत ठीक. आपल्याकडे पंख्याच्या घरघरीत संगणकाला काय ऐकू येणार!

तुकडा कापताना एक करा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पंधरा-वीस सेकंद काहीच न घडणारा, हळूहळू विरणारा आवाज ठेवा आणि पुढचा तुकडा त्याच्यावरच सुरू होऊ द्या. मग फ्लूटवालीने दोन श्वास जास्त घेतले तरी भोक पडत नाही. जिथे ठोका अगदी एकत्रच पडायला हवा, तिथे तो तुकड्याचा पहिलाच आवाज असू दे. मधे कुठेही नको.

‘प्युअर डेटा’ हे आवाजावर काम करणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एवढ्या कामाला पुरून उरतं. पेडल एकदा दाबल्यावर किमान दोन सेकंद दुसरा दाब घेऊ नये अशी अट त्यात घाला. घाबरलेला पाय दोनदा पडतोच. आणि कुठल्याही तुकड्यावर थेट उडी मारता यायला हवी, नाहीतर तालमीत दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागेल आणि वादक पळून जातील.

केबलवाला:
स्पीकरचं सांगतो. सभागृहाचे मोठे स्पीकर विसरा. दोन लहान स्पीकर वादकांच्या मागे, मीटर-दीड मीटरवर ठेवा. कान ज्या दिशेने आवाज आधी येतो तिकडे तो आहे असं मानतो. आवाजाला मीटरभर जायला जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात, पण तेवढंही पुरतं: आधी वाद्य पोचतं, मग स्पीकर, आणि दोन्ही एकाच जागेवरून आल्यासारखे वाटतात. फ्लूट आणि चेलोला छोटे क्लिपचे माइक लावून त्याच स्पीकरमधून अगदी किंचित सोडा, लोकांना माइक आहे हे कळू नये इतकंच. स्पीकर मागे असल्याने शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो, म्हणून माइक वाद्याला चिकटूनच हवेत.

थेट प्रक्रियेला उशीर होतो याची भीती घालतील. संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) घेतो आणि ते गठ्ठ्याने (बफर) हाताळतो; २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे सव्वापाच मिलिसेकंद. आत-बाहेर धरून दुप्पट झाला तरी सूर नुसता लांबवायचा असेल तर तो कळतही नाही.

आणि लॅपटॉप बॅटरीवर असला तरी साउंड कार्ड आणि स्पीकरना यूपीएस लागतोच. हे कोणी सांगत नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार. मागच्या स्पीकरचा प्रयोग या रविवारीच करते. पेडल कोणाकडे द्यावं? पियानोवाल्याचे पाय आधीच गुंतलेले आहेत.

मंद्रसप्तक:
फ्लूटवालीकडे, ती उभी राहून वाजवत असेल तर. तिचा श्वास हाच तुमचा खरा इशारा आहे, बाकीचे दोघंही तिच्याकडेच बघतील. फक्त जिथे तिला लांब विश्रांती आहे आणि चेलो एकटा आहे, तिथले दोन-तीन तुकडे तुम्ही लॅपटॉपवरून स्वतः सोडा. स्वरलेखनात पेडलचा आकडा चौकटीत, तिच्या ओळीच्या वर लिहा. इलेक्ट्रॉनिक भागाचं सगळं चित्र काढत बसू नका. वादकाला जे ऐकून पुढे जायचं आहे तेवढंच दाखवा.