अनुभव धागा: पेशंट मी आहे, माझ्याशी बोला (सांगली-मिरज आणि आसपास)

हरिपूरची
मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, १९६२ मध्ये मेडिकल कॉलेज आलं. जत-आटपाडीच काय, पार अथणीकडची माणसंही ‘मिरजेला दाखवून येतो’ म्हणतात. म्हणजे डॉक्टर काही आपल्याला लांब नाहीत. पण परवा सासूबाईंबरोबर गेले, तर पोट त्यांचं, रिपोर्ट त्यांचा आणि डॉक्टर सगळं समजावत होते माझ्या दिरांना! शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “अवो, त्याला कशाला सांगताय? दुखतंय माझं.” मग कुठं बोलण्यात आलं की जेवणाआधीची गोळी त्या जेवणानंतर घेत होत्या.

तुम्ही कधी असं तोंड उघडलंत का? काय बोललात, पुढं काय झालं, लिहा. डॉक्टरांचं, दवाखान्याचं नाव नको.

तासगावची
जरा मोठं होईल. पाळीत फार जायचं. तासाभरात पॅड भिजायचं, गाठी पडायच्या. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, त्यामुळं अंगावर काढलं. बागेतच चक्कर येऊन बसले तेव्हा दवाखाना गाठला. सोनोग्राफीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, “दोन मुलं झालीत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?”

कॅन्सर ऐकल्यावर नवऱ्याचा चेहराच उतरला. तिथंच सही केली आणि सोसायटीतून उचल मिळते का विचारायला फोन लावत बाहेर गेला. सिस्टर फाईल उचलायला लागल्या, तशी मी म्हटलं, बघू जरा. कागदावर पेनानं फुली मारून नवऱ्याची सही घेतलेली. त्याच्या वर ‘रुग्णाची सही’ छापलेली ओळ मोकळीच.

म्हटलं, ही ओळ कुणी भरायची?
“मग करा की तुम्ही पण.”

आधी गाठ केवढी, कुठं आहे, औषधानं जमेल का, ते सांगा म्हटलं. डॉक्टर वैतागले. “विश्वास नसेल तर दुसरीकडं दाखवा.” दाखवलं! रिपोर्ट घेऊन थेट मिरज. तिथल्या मॅडमनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला आला. म्हणाल्या, फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची निघणं फार क्वचित. लोहाची सलाईन लावली, पिशवीत हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवली. आता पाळी येते-जाते, कळतही नाही. आमच्या जाऊबाई मात्र अजून म्हणतात, “काढली असतीस तर कटकट गेली असती.” त्यांची पिशवी बत्तिसाव्या वर्षीच काढली, अंडाशयांसकट. घामाच्या वाफा आणि कंबरदुखी त्या कटकटीत धरत नाहीत वाटतं.

काळा कोट
ताई, बरोबर ओळीवर बोट ठेवलंत. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये हेच सांगितलंय. बाई भुलीत असताना तिच्या आईच्या संमतीवर गर्भाशय आणि अंडाशयं काढली होती. जिवावर बेतलेलं नसेल तर सज्ञान, शुद्धीवर येणाऱ्या बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, असा निकाल आहे. गर्भपातालाही सज्ञान बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही मागतात तो रिवाज.

विट्याची लेक
आईचं. पहाटे जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम, मळमळ. छातीत कळ नाही. दवाखान्यात पोटावर हात ठेवून झाला, “गॅसेस आहेत, मावशी. टेन्शन घेता तुम्ही.” इंजेक्शन देऊन घरी पाठवत होते. आई टेबलावरून उतरेचना. “बाळा, गॅस मला चाळीस वर्षं हाय. ह्यो गॅस न्हाई. ती पट्टी काढा, मग जाते.”

पट्टी म्हणजे ईसीजी. काढला. त्यानंतर डॉक्टरच पळत होते, ॲम्ब्युलन्स, सांगली, अँजिओप्लास्टी. बायकांना हार्ट अटॅक असाही येतो हे आम्हाला तिथं कळलं. आईला कुणी शाबासकी दिली की म्हणते, त्यात काय, मला माझं कळत हुतं.

सिस्टर
मी ओपीडीत असते. दुसरी बाजू पण ऐका. रांग दारापर्यंत असते, आणि “काय होतंय?” विचारलं की बाई नवऱ्याकडं बघते. तो म्हणतो, “हिला कसंतरी होतंय.” त्यावर काय लिहून द्यायचं डॉक्टरांनी? पाळीची तारीख, पॅड किती लागतात, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून आणा आणि स्वतः वाचून दाखवा. नवऱ्याला बाहेर बसवायचं असेल तर मला खुणेनं सांगा, मी बसवते.

आणि पुरुष डॉक्टर तपासताना बाईमाणूस हजर हवं, हे मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत आहे. बिनधास्त सांगायचं, “सिस्टरना बोलवा, मग तपासा.” आम्हाला राग येत नाही. काहींना येतो. येऊ दे.

जत रोड
बाळंतपणात ओरडले तर ऐकवलं, “तवा बरं वाटलं का?” कळा चालू असताना काय बोलणार. वहिनीच्या वेळी मात्र आमच्या गावच्या आशा सेविका आधीच म्हणाल्या होत्या, सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला ओळखीची बाई सोबत ठेवायची मुभा २०१६ पासून आहे, कुणीतरी आत जा. नको नको म्हणत होते, पण वहिनीनं माझा हात सोडला नाही, मग शिरले आत. मी उभी होते तोवर सगळे तिला ‘अहो ताई’ म्हणत होते!

नवीन सभासद
मला पण पिशवी काढायला सांगितलंय. तासगावच्या ताईंसारखं दुसरीकडं दाखवायचंय, पण फाईल मागितली तर “ती आमच्याकडंच असते” म्हणाले. काय करू?

काळा कोट
लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. झेरॉक्सचे पैसे घेतील, ते द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या.

तासगावची
आणि सोनोग्राफीची फिल्म पण मागा. मला आधी नुसता कागदच देत होते.